समोर प्लॅटिनम लावू नकोस

बाळा, विजेनं पाणी तोडून हायड्रोजन अन् ऑक्सिजन काढायला स्वस्त उत्प्रेरक करायचा तर निकेल-लोखंडापासून सुरुवात कर. निकेलच्या जाळीवर दोन्हींच्या हायड्रॉक्साइडचा पातळ थर बसव. अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनच्या बाजूला तो फार चांगला चालतो. पाणी तुटायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, त्यावर जे जास्तीचे व्होल्ट लागतात ते उत्प्रेरकानं कमी करायचे आहेत. हायड्रोजनची बाजू तपासताना मात्र समोरचा दुसरा इलेक्ट्रोड म्हणून ग्रॅफाइटची कांडीच लाव. तिथं प्लॅटिनम लावलं तर ते किंचित विरघळतं, तुझ्या उत्प्रेरकावर येऊन बसतं, अन् आकडे खोटेच सुंदर दिसतात. माझे चार महिने यातच गेले. आपल्या यवतमाळकडचं बोअरचं पाणी नको, क्षार कॅथोडवर, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, चढतात, डिस्टिल्डच घे. अन् मे महिन्यातल्या ४५ अंशांतलं माप जानेवारीच्या मापाशी ताडू नकोस, दरवेळी तापमान वहीत लिही.