वाचकांचे प्रश्न: महिन्याला किती मीटर चढायचं?

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंदिरानगरला राहतो, वय ४४, बँकेत नोकरी. २०१५ ला आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून डोक्यात होतं, शेवटी दीड वर्षापूर्वी रोडबाईक घेतली. आमच्या ग्रुपमध्ये सगळे महिन्याचं चढाईचं टार्गेट ठेवतात, म्हणजे महिनाभरात सायकलवर एकूण किती मीटर उंची चढायची, म्हणून मी पण नोव्हेंबरला १००० मीटर ठेवलं आणि झालं, मग डिसेंबरला १५००, आणि आता दर महिन्याला ५०० वाढवत जायचं असं ठरवलंय. पण ३१ डिसेंबरला संध्याकाळी बघतो तर १४० मीटर कमी! सोसायटीच्या मागे एक छोटा चढ आहे, जेमतेम सात मीटरचा, तिथे वीस चकरा मारल्या, वॉचमन विचारतो साहेब काही हरवलंय का. टार्गेट झालं पण आता उजव्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतंय. मित्र म्हणतात थांबू नको, मार्चपर्यंत महिन्यात एक एव्हरेस्ट म्हणजे ८८४८ मीटर करू. जमेल का? माझं वजन ७८, गिअरचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८.

उत्तर: आधी गुडघा, एव्हरेस्ट नंतर बघू. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर पहिली शंका दोन गोष्टींवर घ्यायची, सीट खाली आहे का आणि तुम्ही जड गिअर रेटताय का. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल पार खाली न्या, पाय सरळ व्हायला पाहिजे. वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या, पण एका वेळी तीन-चार मिलीमीटरच, एकदम बोटभर उचलली तर मग गुडघ्याच्या मागे दुखायला लागतं. आणि सूज असेल किंवा जिना उतरताना कळ येत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, माझा कॉलम नंतर वाचला तरी चालेल.

गिअरचं तुम्ही स्वतः लिहिलंय ते बरं केलंत, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे. आठ टक्क्यांच्या चढावर आपल्यासारखी माणसं ताशी ८ किलोमीटरच्या आसपास असतात. पुढे ३४, मागे २८ अशा तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरवर त्या स्पीडला पॅडल मिनिटाला ५२ वेळा फिरतं, मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) टाकली तर तेच ६३ होतं. ऐकायला फरक छोटा वाटतो पण प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा जोर जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होतो, आणि घाटात अशा हजारो फेऱ्या असतात. फक्त दुकानात जाऊन नुसती कॅसेट घेऊन येऊ नका, तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३४ घेतो का ते विचारा, बहुतेक वेळा लाँग केजवाला, म्हणजे लांब दांडीचा, लागतो आणि चेनही लांब करावी लागते. ग्रुपमधले हसतील, मोठी कॅसेट म्हणजे म्हातारपण वगैरे, हसू द्या.

आता तुमचा हिशोब. दर महिन्याला ५०० वाढवायचं म्हणजे जानेवारीला २०००, आणि असंच चालू ठेवलं तर मे महिन्यात ४००० येतात आणि जूनमध्ये ४५००. म्हणजे एक मोठा आकडा नाशिकच्या सगळ्यात वाईट उन्हात आणि त्याच्याहून मोठा धुक्यात नि शेवाळलेल्या रस्त्यावर! कॅलेंडर न बघता टार्गेट ठेवलं की असंच होतं. एव्हरेस्टचं पण बघा. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे आणि त्र्यंबकेश्वर ७२० च्या आसपास, तीस किलोमीटरमध्ये तेवढाच फरक, मधले चढउतार धरून जाऊन-येऊन ३०० मीटर मिळाले असं समजू. ८८४८ साठी अशा २९ ते ३० राइड, म्हणजे रोज त्र्यंबक, सुट्टी नाही, आजारपण नाही, बँकेचं मार्च एंडिंग नाही. मार्च एंडिंगला बँकवाल्याने एव्हरेस्ट करायचं हे ज्याने सुचवलं तो नक्की बँकेत नसणार.

मी काय करते ते सांगते. महिन्याला मीटर ठरवायच्या ऐवजी मी चढाचे दिवस ठरवते, आठवड्याला दोन, आणि महिन्यात एक नाव घेऊन करायचा चढ, बस. मीटर मागून येतात, ते फक्त लिहून ठेवायचे. बुधवारी पहाटे एक छोटा चढ चार-पाच वेळा, उदाहरणार्थ अंजनेरी गावातून डोंगराच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता, चांगलाच खडा आहे, लांब वाटत असेल तर घराजवळचा कुठलाही पाच-सात मिनिटांचा चढ घ्या, सात मीटरवाला मात्र नको. दोन चकरांच्या मध्ये श्वास पूर्ण जाग्यावर येऊ द्यायचा. रविवारी लांब राइड, बोलता येईल अशा स्पीडने, शेवटी मिसळ (तर्री कमी घ्या, परतीचे वीस किलोमीटर बाकी असतात, हे मी शिकलेय). तीन आठवडे असं आणि चौथा आठवडा निम्मा.

तुम्ही जानेवारीत १२०० वर या, १५०० पण नको, गुडघा शांत आणि नवी कॅसेट हेच टार्गेट धरा. फेब्रुवारीत १५०० ते १६००. मग मार्चमध्ये एखाद्या रविवारी सप्तशृंगी गड, नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटरचा घाट, एका सकाळी महिन्याच्या आकड्याचा मोठा तुकडा तिथेच मिळतो. नांदुरीपर्यंत गाडीत सायकल टाकून गेलात तरी चालतं, त्यात कमीपणा काही नाही. पण चैत्र यात्रा आणि नवरात्र टाळा, तेव्हा खाजगी गाड्या खालीच थांबवतात आणि वर एसटीची रांग असते, वळणावर तुम्ही आणि एसटी एकदम नको. एप्रिल-मे पुन्हा १००० वर, उन्हं चढायच्या आत घरी. पावसाळ्यात मी घाटाचं टार्गेटच ठेवत नाही, उतारावर ओला रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबून थांबवणारा) काय करतो ते एकदा बघितलंय, पुरे झालं.

अजून एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. आपण पठाराच्या काठावर राहतो, म्हणून कसारा म्हणा किंवा त्र्यंबकहून मोखाड्याकडे म्हणा, जाताना उतार असतो आणि चढ परतीला, दमल्यावर, डोक्यावर ऊन घेऊन. गड त्याच्या उलट, आधी चढ मग उतार. त्यामुळे कसाऱ्याचे ३०० मीटर आणि गडाचे ३०० मीटर अ‍ॅपवर सारखे दिसले तरी पायाला सारखे नसतात. शिवाय कसाऱ्याला ट्रक इतके की मी एकट्याने जा म्हणणारच नाही.

आणि ३१ तारखेला जे उरलंय ते उरू द्या. वॉचमनला झोपू द्या.

प्रश्न: त्र्यंबकची एकच राइड, मी आणि मित्र बरोबर, माझ्या फोनवर ३३० मीटर आणि त्याच्या सायकल कॉम्प्युटरवर ४१०. कोणाचं खरं? पैज लागली आहे. (सिडको)

उत्तर: दोघांचं थोडं थोडं. बहुतेक सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची मोजतात, त्याला खाली एक बारीक भोक असतं, घाम किंवा पावसाचं पाणी त्यात गेलं की काहीही दाखवतं. मधेच हवामान बदललं तरी दाब बदलतो, म्हणजे तुम्ही टपरीवर उभे असता आणि आकडा हलतो. फोन बरेचदा जीपीएस किंवा नकाशातल्या उंचीवर चालतो, त्यात छोटे चढ गिळले जातात, पुलावर तर तो कधी कधी तुम्हाला नदीत उतरवून परत वर काढतो. मित्राला ते भोक साफ करायला सांगा. आणि टार्गेट ठेवायचं तर वर्षभर एकाच यंत्रावर मोजा, मागच्या महिन्याशी तुलना तरी बरोबर होते. पैजेची मिसळ अर्धी अर्धी.

प्रश्न: गडावर चढताना दोन वळणं मी सायकल ढकलत चालत गेले. ते मीटर महिन्याच्या टार्गेटमध्ये धरायचे का? मैत्रीण नाही म्हणते. (पंचवटी)

उत्तर: धरा की! सायकल वर नेलीत ना? मी पहिल्यांदा गड चढले तेव्हा शेवटची तीन वळणं ढकलतच होते, मागून एसटी आली, स्लो झाली आणि कंडक्टर खिडकीतून म्हणाला, ताई, टपावर टाकू का? मी नाही म्हटलं, का म्हटलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. मैत्रिणीला विचारा ती कुठल्या वळणापर्यंत बसून चढली.