सही वीक्सची, चित्र दुसऱ्याचं

प्रश्न : वडिलांनी २०१२ मध्ये मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मथुरेच्या घाटाचं तैलचित्र घेतलं. चित्रावर सही आणि पावतीवर नाव एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी चित्रकार एडविन लॉर्ड वीक्स यांचं. वडिलांनी ते एकदा प्रदर्शनालाही दिलं होतं. वडील गेले. यंदा चित्र विकायला काढलं, तेव्हा तपासणीत टायटेनियम पांढरा रंग सापडला आणि ते वीक्सचं नसल्याचा अहवाल आला. भाऊ म्हणतो, गप्प राहून विकून टाकू. लंडनच्या चुलतभावाकडे पाठवायचाही विचार आहे. पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी भावाच्या सूचनेबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. अहवाल येण्यापूर्वी हे चित्र वीक्सचं म्हणून विकलं असतं, तर ती चूक ठरली असती. आता ती फसवणूक ठरेल. माहीत असलेली गोष्ट लपवणं करार कायद्याच्या कलम १७ नुसार कपटात मोडतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘आम्ही तोंडाने काही सांगितलंच नाही’ हा बचाव टिकणार नाही. जुनी पावती पुढे करणं हेही सांगणंच आहे.

मात्र अहवालही तपासून घ्या. त्यात टायटेनियम पांढरा रंग सापडल्याचं तुम्ही लिहिता. हा रंग चित्रकारांच्या हाती १९२० च्या सुमारास आला आणि वीक्स १९०३ मध्येच वारले, त्यामुळे पुरावा भक्कम वाटतो. पण डागडुजी करताना नंतर कुणी तो लावलेला असू शकतो. नमुना मूळ थरातला की डागडुजीच्या जागेचा, हे तज्ज्ञांकडून लेखी घ्या. सहीचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरला असेल, तर ती चित्र पुरतं सुकून तडकल्यावर केलेली आहे, तेही नोंदवायला सांगा. वीक्स मूळचे बोस्टनचे, राहायला पॅरिसला. १८८२ पासून ते अनेकदा भारतात आले. मथुरेचे घाट आणि आपलं वाळकेश्वरचं तळंही त्यांनी रंगवलं. दुसऱ्याच्या घाटचित्रावर त्यांचं नाव चढवणं त्यामुळेच सोपं जातं. ज्याने हे चित्र खरंच काढलं, त्याचं श्रेय त्यात बुडालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पैसे. करारभंगाच्या दाव्याची तीन वर्षं २०१५ मध्येच संपली. ग्राहक आयोगाची मुदत तर दोनच वर्षांची. उरतो मार्ग करार रद्द करून रक्कम परत मागण्याचा. तिथे मुदत खरी वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं असते आणि वडिलांचा हक्क तुम्हा वारसांकडे येतो. पण वाट सोपी नाही. इंग्लंडमध्ये एकाने १९४४ मध्ये तिथले नामवंत चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांचं म्हणून ८५ पौंडांना चित्र घेतलं, पाच वर्षांनी विकायला गेला तेव्हा ते कॉन्स्टेबलचं नसल्याचं कळलं. विक्रेता प्रामाणिक होता. १९५० मध्ये न्यायालयाने उशिरामुळे करार रद्द करायला नकार दिला. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तो दाखवणारच. शिवाय तो करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद काढेल : साधी काळजी घेतली असती तर सत्य तेव्हाच कळलं असतं. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं, तर हा अपवाद त्याच्या कामी येणार नाही. म्हणून माझ्या मते सगळा दावा एकाच प्रश्नावर उभा आहे : त्याला माहीत होतं का? तुम्ही आणि भाऊ दोघांच्या सहीने नोटीस पाठवा आणि विचारा, त्याने चित्र कुणाकडून, काय म्हणून घेतलं आणि वीक्सचं नाव कशावरून लावलं. उत्तर टाळलं, तर तेही उपयोगी पडेल.

वडिलांनी ते प्रदर्शनाला दिलं होतं ना? त्या आयोजकांना अहवालाची प्रत देऊन पुस्तिकेतली नोंद दुरुस्त करायला सांगा. सही मात्र खरवडून काढू नका. तो पुरावा आहे. विकायचंच असेल, तर ‘अज्ञात चित्रकार, वीक्स यांची सही नंतर घातलेली’ असं लिहून, अहवाल जोडून विका.

लंडनला सध्या काहीच पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. टायटेनियम पांढरा मूळ थरातला असेल, तर तुमचं नेमकं त्या सीमेवर येतं. असा प्रश्न उठला की निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा असतो. चित्र पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र त्यांच्या कार्यालयातून मिळेपर्यंत ते नाशिकलाच ठेवा.