सात वर्षांची मुलगी वर्षभर सतत चिडते, आदळआपट करते. घरचे म्हणतात लाडावलीये. बायपोलर असेल का? औषध सुरू करावं का?

'लाडावलीये' वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे हे पालुपद मोठ्या दिरांचं. पुतण्याच्या मुंजीत माझ्या मुलाने भर पंगतीत ताट भिरकावलं. कारण काय, तर श्रीखंड पुरीला लागलं. दीर म्हणाले, "आठ दिवस माझ्याकडे ठेवा, सरळ करतो." सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. पोरगा सकाळपासून घुम्यासारखा का बसलाय, हे कुणी विचारलं नाही. मला तेच खटकायचं. आदळआपट सगळीच पोरं करतात. हा मधल्या वेळातही धुमसत असायचा, घरी आणि शाळेतही. शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, सोनोग्राफीत काही नाही.

पहिल्या डॉक्टरांनी जेमतेम बघून बायपोलर ठरवलं, गोळी लिहिली. ती चिठ्ठी पर्समध्येच राहिली. मग सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारवाल्या बाईंनी आधी वही ठेवायला लावली: कधी बिनसलं, त्याआधी काय झालं, किती वेळ चाललं, झोप किती. शाळेतूनही लिहून मागवलं. बायपोलरमध्ये काही दिवस वेगळेच असतात, झोप कमी तरी उत्साह उतू जातो, मग ते ओसरतं. बारमाही चिडचिड म्हणजे ते नव्हे. अशा मुलांवर तो शिक्का सर्रास बसू लागला, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत 'डीएमडीडी' (सतत चिडचिड आणि उद्रेकांचा विकार) हे वेगळं निदान आलं. आठवड्यात सरासरी तीन किंवा जास्त उद्रेक, मधल्या वेळातही चिडकेपणा, वर्षभर, किमान दोन ठिकाणी. सहा वर्षांच्या आत हे निदान करत नाहीत.

उपचारात पहिली शिकवणी आमचीच झाली. उद्रेक चालू असताना वाद नाही, शांत झाल्यावर बोलायचं, आरडाओरडा करून मागितलेलं द्यायचं नाही, आणि घरात सगळ्यांचा नियम एक. दीर गुपचूप मोबाइल देतात आणि वर म्हणतात, "माझ्याकडे बघ कसा गप्प बसतो!" भावजी, तो मोबाइल एकदा काढून घ्या, मग बोलू.

अर्थात माझा मुलगा म्हणजे तुमची मुलगी नव्हे. मुलांमधलं नैराश्यही रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसतं; एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा), भीती, शाळेत कुणाचा त्रास, अपुरी झोप, थायरॉइड हेही तपासावं लागतं. काही मुलांना औषध लागतं, ते बालमानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. "मला मरायचंय" असं म्हणाली तर मात्र वहीबिही राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.