एका स्वच्छ अहवालावर तलाव पोहण्यासाठी खुला करावा का?

तलावाच्या पाण्याचा एक नमुना तपासून घेतला, त्यात ई-कोलाय या जिवाणूचे प्रमाण दर १०० मिलिलीटरला ४० आले, तर आता लोकांना पोहायला परवानगी द्यावी का, असे आपण विचारले आहे. एवढ्यावर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवाल अचूक मानला तरी तो त्या एका जागेपुरता आणि त्या एका वेळेपुरताच खरा आहे.

ई-कोलायचे बहुतेक प्रकार स्वतः निरुपद्रवी असतात; मात्र ते सापडले की माणसांची किंवा जनावरांची विष्ठा पाण्यात मिसळली असावी हे कळते, आणि तिच्यासोबत येणारे विषाणू व परजीवी दर वेळी वेगवेगळे शोधणे परवडत नाही, म्हणून याच जिवाणूची मोजणी करतात. उन्हाने हे जिवाणू मरतात, त्यामुळे दुपारचा नमुना सकाळच्यापेक्षा अनेकदा चांगला दिसतो. जिथे तळाची वाळू ढवळली जाते आणि लहान मुले खेळतात त्या गुडघाभर पाण्यात आकडा सहसा छातीभर पाण्यापेक्षा जास्त येतो. आपला नमुना भर दुपारी, होडीतून मध्यभागी घेतला असेल, तर त्या ४० वर विसंबण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये गोड्या पाण्यासाठी सुचवलेल्या निकषांच्या एका जोडीत म्हणूनच दोन कसोट्या आहेत: नमुन्यांचा भूमितीमध्य (आकड्यांचा गुणाकार करून, जितके आकडे तितक्यावे मूळ काढून येणारी सरासरी) १२६ च्या वर जाऊ नये आणि ४१० ओलांडणारे नमुने १० टक्क्यांहून अधिक नसावेत. समजा, पाच नमुन्यांचे आकडे २०, ३०, ४०, ५० आणि १५०० आले. भूमितीमध्य सुमारे ७१ निघतो, म्हणजे पहिल्या कसोटीत तलाव उत्तीर्ण आणि दुसरीत सपशेल नापास. (फलकावर फक्त सरासरी लावण्याचा मोह इथेच होतो.) तो १५०० चा दिवस नोंदवहीत शोधला, तर बहुधा आदल्या दिवशी जोराचा पाऊस झालेला आढळतो. त्यामुळे प्रत्येक नमुन्यासोबत वेळ, जागा, गेल्या ४८ तासांतला पाऊस, वारा आणि काठावरचे पक्षी यांची नोंद हवीच.

निर्जंतुक बाटलीचे तोंड खाली धरून ती पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटर खोल न्यावी, तिथे अंगापासून दूर फिरवून भरावी आणि बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी.

पुढची अडचण उशिराची आहे. जिवाणू वाढवून मोजायला साधारण १८ ते २४ तास लागतात. म्हणजे अहवाल हाती येतो तेव्हा त्या पाण्यात लोक पोहून गेलेले असतात. म्हणून मुसळधार पावसानंतर अहवालाची वाट न पाहता ४८ तास पोहणे बंद, हा नियम आधीच ठरवून ठेवावा.

नीलहरित शैवालाचा प्रश्न वेगळाच आहे, कारण ई-कोलायच्या चाचणीत ते दिसतच नाही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला की त्यात विष असू शकते, आणि पाणी उकळले तरी ते विष नष्ट होत नाही. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे तवंग साचतो, तेव्हा रोजची पाहणी तिथूनच सुरू करावी. तो आढळल्यास मायक्रोसिस्टिन या शैवालाच्या विषाची चाचणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. तिचा अहवाल येईपर्यंत पोहणे बंद ठेवावे आणि कुत्र्यांनाही पाण्यात जाऊ देऊ नये.