वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावाने आहे, ते वानखेडे क्रिकेटपटू होते का?

नाही, शेषराव वानखेडे यांची ओळख खेळाडू म्हणून नव्हे, तर राजकारणी आणि क्रिकेट प्रशासक म्हणून आहे. ते मूळचे नागपूरचे, काँग्रेसचे नेते. महाराष्ट्राचे अर्थमंत्री होते आणि 1972 ते 1977 या काळात विधानसभेचे अध्यक्ष. त्याच सुमारास मुंबई क्रिकेट असोसिएशनही त्यांच्याच हाती होती. तेव्हा मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत, पण ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि असोसिएशनमध्ये सतत खटके उडत. शेवटी वानखेड्यांनी ठरवलं, आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायचं. आणि ते जेमतेम वर्षभरात, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटला उभं राहिलंसुद्धा! जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. माझ्या मते हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. फक्त एक लक्षात घ्या: ‘बीसीसीआयचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव दिलं’ असं काही जण सांगतात, ते बरोबर नाही. ते पद त्यांना स्टेडियम झाल्यानंतर, 1980 मध्ये मिळालं.