वाचकांचे प्रश्न : प्रिझमचा चष्मा आणि हाताचं अनुकूलन

प्रश्न : मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला) समोरचं दृश्य उजवीकडे सरकवणारा प्रिझमचा चष्मा घालून समोरच्या खुणेवर बोट टेकवायला सांगितलं. आधी बोट उजवीकडे जायचं, पण थोड्याच प्रयत्नांत चूक नाहीशी झाली. हे अनुकूलन, म्हणजे हात-डोळ्यांचा मेळ आपोआप नव्याने बसणं, झालं का?

उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. चूक दिसली की माणूस मुद्दाम डावीकडे नेम धरतो. चष्मा काढल्यावर, आता काही अडथळा नाही हे माहीत असूनही बोट डावीकडे गेलं, तरच खरं अनुकूलन. हा पश्चात-परिणामच मोजायचा.

20 डायॉप्टरचा (डायॉप्टर हे प्रिझमच्या ताकदीचं एकक) प्रिझम 50 सेंटिमीटरवरची खूण 10 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 11 अंश सरकवतो. प्रतिमा प्रिझमच्या टोकाकडे (पातळ कडेकडे) सरकते, म्हणून ती उजवीकडे हवी तर दोन्ही डोळ्यांपुढे पाया (जाड बाजू) डावीकडे ठेवा. हनुवटी टेकणीवर स्थिर हवी, नाहीतर मान वळवून चूक भरून काढली जाते. हात झाकायला हनुवटीखाली आडवी फळी लावा.

आधी चष्म्याविना, हात झाकून 10 वेळा बोट टेकवून घ्या. मग चष्मा घालून 60 ते 80 वेळा; यात बोट दिसू द्या. शेवटी डोळे मिटवून चष्मा काढा, हात झाका आणि लगेच पुन्हा 10 वेळा. शेवटच्या सरासरीतून पहिली सरासरी वजा करा. शून्याशी तुलना नको, कारण प्रत्येकाचा हात मुळातच थोडा एका बाजूला झुकतो.

प्रश्न : आमचा पश्चात-परिणाम फारच कमी येतो. का?

उत्तर : बहुतेक वेळा शेवटच्या चाचणीत प्रयुक्ताला स्वतःचं बोट दिसतं. दोन-तीनदा दिसलं तरी परिणाम झपाट्याने ओसरतो. चष्मा काढल्यावर गप्पा, पाणी, नोंदी यांत वेळ गेला तरी तेच. पहिली चूक 10 सेंटिमीटरपेक्षा कमी येणं मात्र बिघाड नाही. खोलीतल्या भिंती-कडा दिसत असल्या की असं होतं. पार्श्वभूमी काळी केली की चूक वाढते.

प्रश्न : बदल डोळ्यांत झाला की हातात?

उत्तर : दोन्ही वेगळे मोजा. डोळे मिटून 'नाकासमोर' बोट दाखवायला सांगा : वरच्या मांडणीत ते डावीकडे जातं, हा हाताच्या जाणिवेतला बदल. मग अंधारात एक बारीक दिवा आडवा सरकवा, 'आता नाकासमोर आला' असं प्रयुक्ताने म्हणायचं : ही जागा उजवीकडे सरकते, हा दृष्टीतला बदल. दिशा उलट असल्यामुळे चिन्हं सोडून बेरीज करा. ती एकूण पश्चात-परिणामाच्या जवळपास यायला हवी. सरावात हात पूर्ण वाटभर दिसला तर हातातला बदल जास्त, फक्त शेवटी बोट दिसलं तर दृष्टीतला जास्त. म्हणून अहवालात फळीची लांबी आणि बोट कुठून दिसू लागलं, हे लिहाच.