घरामागे नवा स्विमिंग पूल बांधतोय, पाण्याखालचे दिवे कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पनवेलजवळ घरामागे २४ बाय १२ फुटांचा पूल होतोय, भिंतींचं काँक्रीट पुढच्या आठवड्यात आहे, दुकानदार रिमोटवर रंग बदलणारे सहा दिवे गळ्यात मारतोय आणि सासरे म्हणतात, खर्च कशाला, साधे २३० व्होल्टचे लावा. दोघांचंही ऐकू नका.

मी कर्जत-नेरळकडे फार्महाऊसच्या वायरिंगची कामं घेतो. दिवा कोणता हे टाइल्स लागेपर्यंत ठरवलं तरी चालेल. आत्ता ठरवायचं ते एवढंच, की दिव्याचा डबा भिंतीत कुठे बसणार आणि त्याचा पाइप कुठे जाऊन वर निघणार. काँक्रीट पडल्यावर हे बदलायला ब्रेकर आणावा लागतो, आणि फोडलेल्या जागेचं वॉटरप्रूफिंग पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

डबा पार-५६ मापाचा घ्या. जुन्या ३०० वॉटच्या हॅलोजनचं हे माप, दिवा साधारण सात इंच गोल. आजचे बरेच एलईडी त्यातच बसतात, म्हणजे पाच वर्षांनी ती कंपनी गायब झाली तरी अडत नाही. डबे घराकडच्या भिंतीत बसवा, म्हणजे दिव्यांची तोंडं घराच्या उलट दिशेला राहतील. नेरळच्या एका गिऱ्हाइकाने ओटीसमोरच्या भिंतीत दिवे लावून घेतले. संध्याकाळी चहा घ्यायला बसलं की समोरून ट्रक येतोय असं वाटायचं. आता ते दिवे बंदच असतात. पाण्याच्या पातळीपासून दीड-दोन फूट खाली डबा असला की पुरे.

पाइपाचं जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ सगळा तिथेच होतो. आपल्याकडे पंपाची खोली बऱ्याचदा खड्ड्यात, पाण्याच्या पातळीच्या खाली असते आणि दिव्याचा पाइप सरळ तिकडेच नेतात. असंच एक काम दुरुस्तीला आलं होतं. व्होल्ट कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत गंज, आणि टर्मिनलचा स्क्रू सैल केला तर वायरीच्या टोकातून पाण्याचा थेंब पडला. केबलचं बाहेरचं आवरण धड होतं. पाणी दिव्याच्या मागच्या फटीतून शिरून तांब्याच्या तारांमधून झिरपत २० मीटर आलं होतं! म्हणून पाइप आधी काठावर आणा, पाण्याच्या पातळीपेक्षा निदान आठ इंच उंच जंक्शन बॉक्स ठेवा आणि तिथून पुढे न्या. मधे पाइपात केबलला जॉइंट नको, टेप गुंडाळून तर नकोच. दिव्यामागे डब्यात दीड मीटर केबल गुंडाळून ठेवा. दिवा बदलायचा झाला तर पूल रिकामा न करता तो काठावर उचलून घेता येतो.

सासऱ्यांना सांगा, पाण्यात १२ व्होल्टच. आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो: एसी असेल तर जास्तीत जास्त १२, डीसी असेल तर ३०. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचा, म्हणजे २३० आणि १२ व्होल्टच्या तारा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या ठेवणारा, गुंडाळीवाला घ्या, बाजारात मिळणारा एलईडीचा अडॅप्टर नको. मी तो काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर बसवतो आणि मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावतो. पूलच्या सळया, शिडी, हँडरेल एकमेकांना जोडून अर्थिंगला घेणं हेही काँक्रीटच्या आधीचंच काम. ते लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, गवंड्यावर सोडू नका.

१२ व्होल्टला एक खोड आहे. ३६ वॉटला ३ अँपिअर लागतात. २० मीटर लांब दीड एमएमची वायर टाकली तर जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि दिवा मंद दिसतो. चार एमएमला हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो.

आता दिवे. तुमच्या पूलला १८-२० वॉटचे दोन पुरतील, लांब भिंतीत दोन्ही टोकांपासून सहा-सहा फुटांवर. पायऱ्या काळोखात राहत असतील तर तिसरा छोटा. सहा लागतात ते दुकानदाराला. गडद टाइल्स असतील तर मात्र उजेड टाइलच गिळते, तेव्हा वॉट वाढवा, संख्या नको. बॉडी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची बघा, ३०४ ग्रेड क्लोरीनला टिकत नाही. आयपी ६८, म्हणजे पाण्याखाली राहू शकणारा, असं लिहिलेलं हवंच, ६५ म्हणजे फक्त पाण्याच्या फवाऱ्यापुरतं. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा, निळ्या टाइलवर हिरवट दिसतो, शेवाळ धरल्यासारखा. रंगीत हवेच असतील तर ज्यात पांढरी एलईडी वेगळी असते तो दिवा घ्या. तीन रंग मिसळून केलेला पांढरा निळसर येतो. माझ्या गिऱ्हाइकांत रंग पहिल्या महिन्यात खेळून झाले, पुढे पांढराच. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे उजेडावर तुटून पडतात, सकाळी स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) जाळी त्यांनी भरलेली असते. ते आठवडाभर दिवा बंद ठेवणंच बरं.

बसवण्याआधी दिवा रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, एक-दोन तास लावूनही बघा. सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी परत करा. रिकाम्या पूलमध्ये मात्र चालू करून बघू नका, पाण्याशिवाय तो तापून जातो.

आणि काँक्रीटच्या आदल्या दिवशी पाइपांची तोंडं बूच लावून बंद करा आणि मेजर टेप धरून प्रत्येक डब्याचा फोटो काढून ठेवा.